परतीचा पत्ता

मराठीच्या प्राध्यापकाला अनोळखी ठिकाणी 'भाषांतर' हा शब्द दिसला, की परमुलखात गाववाला भेटल्यासारखे वाटते. आम्हां दोघांचे तसेच झाले. महाविद्यालयाच्या फायरवॉलच्या पडद्यावर, डाव्या हाताच्या यादीत, 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्स्लेशन' अशी एक ओळ होती. तिच्या वरच्या आणि खालच्या ओळींतले काहीही आम्हांला कळत नव्हते. ही मात्र आपली, असे वाटले. एम.ए.च्या वर्गाला भाषांतरमीमांसा शिकवत आम्हां दोघांची मिळून तीसेक वर्षे झाली आहेत. तेव्हा या ओळीला आपण भिण्याचे कारण नाही, अशा समजुतीने आम्ही तिच्यावर टिचकी मारली. पुढचे तीन आठवडे त्या टिचकीची फळे भोगण्यात गेले. या तीन आठवड्यांत जे समजले ते इथे मांडतो आहोत. संगणकाच्या जाणकारांना यात नवे काही नाही. पण भाषांतराविषयी बोलणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

आधी या उपद्व्यापाचे कारण सांगायला हवे. आमच्या विभागात गेली कित्येक वर्षे एक शब्दसंग्रह चालू आहे. आमच्या एका सरांनी तो सुरू केला. एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातले, शेतातले, चुलीपुढचे पन्नास शब्द कार्डांवर अर्थासह लिहून आणायचे, असा त्यांचा दंडक होता. आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातला शब्द जामखेडच्या माळावर चालेलच असे नाही. सर निवृत्त झाले, कार्डे वाळवीच्या वाटेवर लागली, तेव्हा आम्ही दोघांनी ती संगणकावर चढवली. शब्द टंकावा आणि अर्थ, तालुका, वर्ष समोर यावे अशी सोय एका विद्यार्थ्याने करून दिली. विभागातल्या एका जुन्या संगणकावर तो सगळा संग्रह राहतो. महाविद्यालयाच्या आवारात कुठूनही तो उघडत असे. फाटकाबाहेर पडले की मात्र नाही.

सर आता नागपूरला मुलीकडे असतात. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे, एका डोळ्याची दृष्टी गेली आहे. त्यांना आम्ही हौसेने संग्रहाचा पत्ता कळवला : १९२.१६८.१.२०. दुसऱ्या दिवशी फोन आला. "अहो, हा पत्ता लागत नाही." आम्ही म्हटले, "सर, आमच्याकडे तर लागतो." ते म्हणाले, "तुमच्याकडे लागायला मी तिकडे कुठे आहे? आणि माझ्याजवळ आता फार वेळही नाही." शेवटचे वाक्य त्यांनी हसत उच्चारले होते. आम्हांला हसू आले नाही.

महाविद्यालयाचे जाळे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा करार त्या सुमारास संपलेला होता. संगणकशास्त्र विभागात शिकवणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिच्याकडे गेलो. तिने पत्ता पाहिला आणि म्हणाली, "सर, मॅडम, हा आतला पत्ता आहे. असाच पत्ता माझ्या घरच्या वायफायलाही आहे. बाहेरच्याला तो कसा सापडणार?" प्राचार्यांची परवानगी काढून तिने आम्हांला फायरवॉलसमोर बसवले. "मी करून देईन, पण पुढच्या वेळी मी नसेन. तुम्हीच शिका," असेही बजावले. विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी हेच ऐकवतो. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती.

आतला पत्ता म्हणजे काय, हे समजायला गावाकडचे उदाहरण पुरेसे आहे. 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळाशेजारी' हा पत्ता गावात अगदी अचूक असतो. निरोप घेऊन निघालेले पोर डोळे मिटून तिथे पोहोचते. पण हाच पत्ता पाकिटावर लिहून पत्र पुण्याच्या पेटीत टाकले तर ते कुठे जावे? मारुती प्रत्येक गावात आहे. इंटरनेटवर असे पत्ते मुद्दाम राखून ठेवलेले आहेत : १० या आकड्याने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. फेब्रुवारी १९९६मध्ये 'आरएफसी १९१८' या क्रमांकाच्या दस्तऐवजाने ते घरगुती वापरासाठी मोकळे केले. कुणीही वापरावेत, कितीही ठिकाणी वापरावेत. अट एवढीच, की सार्वजनिक रस्त्यावर ते चालणार नाहीत.

याची गरज पडली ती टंचाईमुळे. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. आखणी करणाऱ्यांना ही संख्या अमाप वाटली असेल. १९९०च्या दशकाच्या आरंभीच ती अपुरी पडणार हे दिसू लागले. मे १९९४मध्ये एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'आरएफसी १६३१' मध्ये एक तोड मांडली : आत हवे तितके घरगुती पत्ते ठेवा आणि वेशीवर एक यंत्र बसवा, ते जाता-येता पत्ते बदलून देईल. हा तात्पुरता उपाय आहे, असे त्यांनीच म्हटले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला. १२८ बिटांचे नवे पत्ते आले आहेत, वापरातही आहेत. पण तात्पुरती तोड अजून जागची हललेली नाही. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गखोल्यांतून पिढ्या शिकून गेल्या, तसेच हे.

हे यंत्र पत्ता कसा बदलते, ते आम्हांला कळेना. पाठ्यपुस्तकातील आकृत्यांनी डोके अधिकच फिरले. कळले ते कार्यालयात, आवक-जावक रजिस्टर पाहताना.

महाविद्यालयातून विद्यापीठाला पत्र जायचे असेल तर ते विभागाच्या नावाने जात नाही. प्राचार्यांच्या नावाने, महाविद्यालयाच्या पत्त्यावरून जाते. लिपिक त्यावर जावक क्रमांक घालतो आणि रजिस्टरात नोंद करतो : हा क्रमांक, मराठी विभाग, अमुक विषय. विद्यापीठाचे उत्तर येते तेही प्राचार्यांच्या नावाने; त्यावर 'संदर्भ : आपले पत्र जा.क्र. अमुक' असे असते. लिपिक रजिस्टर उघडतो, क्रमांक शोधतो आणि पत्र आमच्या टेबलावर आणून ठेवतो. विद्यापीठाला आमचे नाव ठाऊक नसते, ठाऊक असण्याची गरजही नसते.

फायरवॉल नेमके हेच करते. इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर चार गोष्टी असतात : पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावर चालणाऱ्या निरनिराळ्या कामांचा क्रमांक. १९२.१६८.१.२० या संगणकाने ५१५१४ या पोर्टवरून काही मागितले, तर फायरवॉल पाठवणाऱ्याच्या जागी महाविद्यालयाचा सार्वजनिक पत्ता घालते. (तो इथे देत नाही, पुस्तकी उदाहरणांसाठी राखलेल्यांपैकी २०३.०.११३.५ हा धरू.) शिवाय स्वतःचा एक पोर्ट क्रमांक देते आणि आपल्या तक्त्यात नोंद ठेवते. उत्तर आले की तक्ता पाहून पत्ता उलटा फिरवते. पोर्ट क्रमांक पासष्ट हजारांवर आहेत, म्हणून एकाच पत्त्यामागे शेकडो संगणक नांदू शकतात. लिनक्सवर याच्या एका प्रकाराला 'मास्करेड' म्हणतात. आपल्याकडे त्याला बहुरूपी म्हटले असते. फरक एवढाच, की हा बहुरूपी कुणाचे सोंग कुणाला दिले होते ते विसरत नाही. निदान काही काळ तरी. दोन्ही बाजूंनी बोलणे थांबले की ठरलेल्या मुदतीने तो नोंद पुसून टाकतो. नंतर आलेल्या उत्तराला घर उरत नाही.

सरांची अडचण आता आमच्या ध्यानात आली. जावक क्रमांकाचा संदर्भ नसलेले पत्र लिपिकाने कुठे द्यावे? आतून विचारले तर उत्तर येते. पण बाहेरचा माणूस आपण होऊन आला, आतल्या कुणी त्याला विचारलेले नाही, तर तक्त्यात त्याची नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून वाट नाही. बाहेर जाणाऱ्यांसाठी एकच सरसकट नियम पुरतो. तो लिहिला की पुढे सारे आपोआप चालते. आत येणाऱ्यासाठी मात्र कुणीतरी बसून, त्या एका दारासाठी, स्वतंत्र कायमचा नियम लिहावा लागतो : या सार्वजनिक पत्त्यावर, या पोर्टला जो येईल, त्याला आतल्या अमुक संगणकाकडे न्यावे. याला डेस्टिनेशन नॅट किंवा पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

आम्ही तो नियम लिहिला. ४४३ हा पोर्ट, २०३.०.११३.५ वर येणारा, १९२.१६८.१.२० कडे. सरांना फोन केला. लागत नाही.

तीन दिवस लागत नव्हते. नियम दहा वेळा वाचला, शुद्धलेखन तपासावे तसा तपासला. तिसऱ्या रात्री वैतागून आम्ही 'सर्व पोर्ट, सर्वांना परवानगी' असे करून घरी गेलो. हा मूर्खपणा आमचा. दोष अन्य कुणाचा नाही. सकाळी नोंदी पाहिल्या तर रात्रभरात जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आमच्या संगणकाची दारे ठोठावून झाली होती. २२ हा पोर्ट दुरून संगणक चालवण्याचा. त्यावर तर रांग लागली होती. नुकसान झाले नाही, ते केवळ नशिबाने. विद्यार्थिनी आम्हांला एरवी मान देते. त्या दिवशी थोडा कमी दिला. "पत्ता बदलणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. पत्ता लपला म्हणजे रक्षण झालं असं समजू नका. रक्षण परवानगीच्या नियमाने होतं," ती म्हणाली. मग तिने आमचा परवानगीचा मूळ नियम पाहिला आणि चूक दाखवली.

परवानगीत आम्ही बाहेरचा पत्ता लिहिला होता. आम्हांला ते स्वाभाविक वाटले. पाहुणा बाहेरच्याच पत्त्यावर येतो ना! पण आमच्या फायरवॉलमध्ये आधी भाषांतर होते आणि मग परवानगी तपासली जाते. तपासणीच्या टेबलापाशी पोहोचेपर्यंत पाकिटावर आतला पत्ता चढलेला असतो. पहारेकरी यादीत बाहेरचे नाव शोधतो, पाकिटावर आतले नाव असते. दोन्ही जुळत नाहीत. परवानगी आतल्या नावाला द्यायला हवी होती. हा गोंधळ आमच्यासारख्यांपुरता नाही. सिस्कोच्या एएसए या फायरवॉलमध्ये पूर्वी अशा नियमांत बाहेरचा पत्ता लिहावा लागे. २०१०मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीपासून खरा, आतला पत्ता लिहावा लागू लागला. यंत्र तेच, काम तेच, नाव कोणते लिहायचे ते उलटले. आम्ही वाचत होतो ते पुस्तक त्याआधीचे आणि तेही दुसऱ्याच यंत्राचे होते.

या नियमाशी झगडताना आम्हांला आमच्या गावाची आठवण होत होती. अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचे आणि त्याबरोबर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले. जुन्या प्रमाणपत्रांवर अहमदनगर आहे, नव्या पत्रांवर अहिल्यानगर आहे आणि बसमध्ये कंडक्टरला आजही आम्ही 'दोन नगर' एवढेच सांगतो. कोणत्या टेबलापाशी कोणते नाव चालेल, हे इथल्या माणसाला न शिकवता कळते. तेच शहाणपण यंत्रापुढे बसल्यावर सुचले नाही, इतकेच.

नियम दुरुस्त केला. नागपूरला संग्रह उघडला. सरांनी फोनवर मोठ्याने शब्द वाचून दाखवायला सुरुवात केली. आम्ही आनंदाने ग्रंथालयात गेलो, ग्रंथपालांना नव्या पत्त्यावर संग्रह दाखवू लागलो, तर तो उघडेना! नागपूरला दिसतो आणि आमच्याच ग्रंथालयात दिसत नाही.

याचे कारण समजले तेव्हा आम्ही चकित झालो. ग्रंथालयातला संगणक बाहेरच्या पत्त्याला विचारतो. फायरवॉल तो प्रश्न आत वळवून आमच्या संगणकाकडे देते. आमचा संगणक पाहतो, की विचारणारा तर एकाच जाळ्यातला शेजारी आहे. मग फायरवॉलकडे न जाता तो थेट उत्तर देतो. ग्रंथालयातल्या संगणकाला उत्तर येते, पण ज्याला विचारले त्याच्याकडून नाही. तो म्हणतो, तुला मी ओळखत नाही. आणि उत्तर टाकून देतो. घाटातल्या वळणावरून याच्यावरच्या एका उपायाला 'हेअरपिन' म्हणतात : विचारणाऱ्याचाही पत्ता बदलायचा, म्हणजे उत्तर फायरवॉलमार्गेच परतते. आम्ही दुसरा उपाय केला. संग्रहाला एक नाव दिले. ते नाव आत विचारले तर आतला पत्ता मिळतो, बाहेर विचारले तर बाहेरचा.

इथपर्यंत आम्ही पत्त्याच्या भाषांतराला आमच्या भाषांतराचा गरीब भाऊ समजत होतो. ते पाकिटावरचे नाव बदलते, आतल्या मजकुराला हात लावत नाही. आमचे काम मजकुराचे. पण विद्यार्थिनीने आणखी एक गोष्ट सांगितली. फाइली पाठवण्याची एफटीपी नावाची जुनी पद्धत आहे. तिचा १९८५चा दस्तऐवज या साऱ्या तोडीच्या आधीचा. तिच्या एका प्रकारात संगणक स्वतःचा पत्ता मजकुरातच लिहून पाठवतो : 'मी इथे आहे, इथे पाठवा.' फायरवॉल पाकीट बदलते. मजकुरात मात्र आतला पत्ता तसाच राहतो आणि पलीकडचा बिचारा देवळामागचा पिंपळ शोधत बसतो. अशा वेळी फायरवॉलला पत्र उघडावे लागते, ती पद्धत जाणून मजकुरातला पत्ताही बदलावा लागतो. हे काम सरसकट नियमाने होत नाही. त्या त्या पद्धतीची जाण असलेला खास मदतनीस लागतो.

इथे आम्ही आमच्या विषयाशी येऊन पोहोचलो. काही मजकुरांचा पत्ता पाकिटावर असतो. ते कोणत्याही भाषेत न्या, फारसे बिघडत नाही. काहींचा पत्ता शब्दांच्या आत असतो. आमच्या कार्डांवरचे बहुतेक शब्द या दुसऱ्या जातीचे आहेत. आणि वाटेचे म्हणाल, तर मराठी बाहेर जाऊन मागून आणण्यात कधी मागे नव्हती. याच जिल्ह्यात नेवाशाला, शके १२१२मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. तेव्हापासून आजवर संस्कृत, बंगाली, इंग्रजी, रशियन, काय आणले नाही आपण? आतून विचारणाऱ्यांची नोंद होत गेली, उत्तरे येत गेली. बाहेरचा माणूस आपण होऊन आमच्या दाराशी आला, तर त्याच्यासाठी नियम कुणी लिहिला आहे? थोड्यांनी लिहिला. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतींनी १७६२मध्ये 'भक्तविजय' पुरा केला. तो इंग्रजी वाचकाला खुला झाला १९३३ साली, जस्टिन अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले यांच्या भाषांतराने. मधली एकशे एकाहत्तर वर्षे ताहाराबाद होते तिथेच होते. मिशनच्या कामासाठी आलेला एक अमेरिकन आणि एक मराठी पंडित शेजारी बसले, तेव्हा ते दार उघडले. एकाला बाहेरचे नाव ठाऊक होते, दुसऱ्याला आतले. आपल्या विद्यापीठांतून भाषांतराचे अभ्यासक्रम चालतात ते बहुतेक इंग्रजीतून मराठीत आणायचे. आम्हीही तेच शिकवत आलो. पुढच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातला एक मजकूर बाहेरच्या वाचकासाठी नेण्याचे काम द्यायचे ठरवले आहे. ते कठीण जाईल. प्रत्येक दार वेगळे उघडावे लागेल.

एक प्रसंग सांगून थांबतो. संग्रह खुला झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही नोंदी पाहत होतो. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणता शब्द शोधला गेला, ते तिथे दिसते. रात्री एक ते दोनच्या दरम्यान कुणीतरी एकच शब्द चार वेळा उघडला होता. पत्ता एका मोबाइल कंपनीचा होता. त्यावरून माणूस कळत नाही. या कंपन्याही आपल्या असंख्य ग्राहकांना थोड्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात. म्हणजे त्या बाजूलाही एक भाषांतर, या बाजूलाही एक. शब्द होता 'थारोळे'. पारनेर तालुक्यातल्या कार्डावर अर्थ होता : 'साचलेले रक्त'.

सकाळी सरांचा फोन आला. "थारोळं म्हणजे मोटेचं पाणी विहिरीच्या काठावर जिथे ओततात ती जागा. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं, सगळी एका कुटुंबातली. वर्तमानपत्रं रक्ताच्या थारोळ्यात पडलेली माणसं छापतात, म्हणून त्या पोरानं पाणी काढून टाकलं आणि रक्त तेवढं ठेवलं. बदला ते."

आम्ही बदलले. संग्रह बाहेरून फक्त वाचता येतो. दुरुस्ती आतूनच करावी लागते. दुरुस्ती सुचवणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी कार्डावर रकाना नव्हता. तो आता केला आहे.